मेस्सीची सही नेमकी कुठे अडली?

डावखुरा | १४ डिसेंबर २०२५, रात्री ११:५२

वानखेडेहून परतताना चर्चगेटला विरार गाडी पकडली. सोबत भाचा, वय वर्षं १४, अंगात मायामीची गुलाबी दहा नंबरची जर्सी. सचिनने आपली जर्सी मेस्सीच्या हातात दिली तेव्हा पोरगं इतकं ओरडलं की घसाच बसला. आदल्या दिवशी कोलकात्यात लोकांनी खुर्च्या-बाटल्या फेकल्या होत्या, त्यामुळे जरा धाकधूक घेऊनच गेलो होतो. इथे नीट पार पडलं.

दादर येईपर्यंत घसा सुटला आणि प्रश्न आला, "मामा, बार्सिलोना एवढी आवडायची तर सोडली कशाला? पैशासाठी ना?" मी तोंड उघडायच्या आत शेजारी लटकलेल्या काकांनी निकाल लावून टाकला, "फुकट खेळला असता तर ठेवला असता की त्याला."

बोरिवलीपर्यंत समजावत होतो. ना भाचा पटला, ना काका. म्हणून हा धागा.

आधी एक योगायोग. आजचीच तारीख, १४ डिसेंबर, साल २०००. बार्सिलोनातल्या पोंपेया टेनिस क्लबात कार्लेस रेक्साच बसलाय, बार्सिलोना क्लबाचा तांत्रिक संचालक. समोर मेस्सीच्या बाजूने बोलणारी माणसं. मुलगा १३ वर्षांचा, वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं चालू, क्लब निर्णय घेईना आणि बाप परत अर्जेंटिनाला निघायच्या तयारीत. रेक्साचने कागद मागितला, मिळाला पेपर नॅपकिन. त्यावरच लिहून दिलं की काही जणांचा विरोध असला तरी माझ्या जबाबदारीवर या मुलाला घेतोय. तो नॅपकिन गेल्या वर्षी लंडनमध्ये लिलावात ७,६२,४०० पौंडांना गेला. बरोबर २५ वर्षांनी तोच मुलगा वानखेडेवर.

आता मूळ मुद्दा. २०२१ मध्ये करार का वाढला नाही, याचं उत्तर लोक २०२१ मध्ये शोधतात. माझ्या मते गाठ २०१७ मध्येच पडली होती.

ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबाने २२ कोटी २० लाख युरो मोजून नेमारला उचलला. बार्साचं धाबं दणाणलं. आणि मेस्सीचा करार तेव्हा जून २०१८ पर्यंतच होता. युरोपात शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी उघडपणे बोलू शकतो, म्हणजे १ जानेवारीपासून. मेस्सीने सही केली २५ नोव्हेंबर २०१७ ला, मुदतीच्या जेमतेम सव्वा महिना आधी. नेमार हातचा गेलाय, मेस्सीही गेला तर लोक अध्यक्षाला रस्त्यावर फिरू देणार नाहीत. अशा वेळी समोरचा काय मागेल ते द्यायचं, एवढंच अध्यक्ष बार्तोमेऊच्या हातात होतं.

काय दिलं ते ३१ जानेवारी २०२१ ला 'एल मुंडो' या स्पॅनिश वर्तमानपत्राने छापलं. चार हंगामांचे मिळून जास्तीत जास्त ५५ कोटी ५२ लाख ३७ हजार ६१९ युरो, कर कापायच्या आधी. त्यात नुसता करार मान्य केल्याबद्दल ११ कोटी ५२ लाख २५ हजार. वर निष्ठेचा बोनस म्हणून ७ कोटी ७९ लाख. (निष्ठेला बोनस! आमच्या आजोबांनी एकाच गिरणीत ३१ वर्षं काढली, त्यांना घड्याळ मिळालं.) ज्याला करार मोडून न्यायचा असेल त्याने ७० कोटी भरावेत, अशीही अट.

मेस्सी त्या किमतीचा नव्हता असं मी म्हणत नाही. जर्सी, प्रायोजक, दौरे, सगळं त्याच्या नावावर चालायचं. पण एका माणसाचा पगार एवढा वर गेला की बाकीच्यांचे एजंट तोच आकडा समोर ठेवून बोलायला लागतात. तेच झालं. मग कोव्हिड आला, स्टेडियम रिकामं झालं.

पुढचं तुम्ही लिहा. बुरोफॅक्सचं कोणीतरी समजावून सांगा, मला ते धड सांगता आलं नाही.

---

रिकामटेकडा | १५ डिसेंबर, सकाळी ७:१०

पहिला! वानखेडेचे फोटो टाका की राव. आम्ही तिकिटाचे दर बघून टीव्हीवर समाधान मानलं.

---

रत्नांग्रीचा | १५ डिसेंबर, सकाळी ११:३५

बार्सिलोनात आठ वर्षं झाली, तेव्हा बुरोफॅक्स माझ्याकडे लागला.

नावात फॅक्स असलं तरी ही पोस्टाची सेवा आहे. पाठवलं कधी, मिळालं कधी आणि आत नेमकं काय लिहिलं होतं, तिन्हीचा पुरावा राहतो. आपल्याकडे वकील रजिस्टर्ड एडीने नोटीस पाठवतात ना, त्याचा थोरला भाऊ समजा. मी स्वतः एकदा पाठवलाय, घरमालकाला, डिपॉझिट परत मिळावं म्हणून. थोडक्यात, इथे बुरोफॅक्स आला म्हणजे गोडीत बोलणं संपलं.

म्हणून २५ ऑगस्ट २०२० ला मेस्सीने क्लबला बुरोफॅक्स पाठवला ही बातमी आली तेव्हा ऑफिसात सगळे गप्प झाले. तो जातोय याचा धक्का होताच, पण घरच्या माणसाने वकिलाची नोटीस पाठवावी हे जास्त लागलं. अकरा दिवसांपूर्वी लिस्बनमध्ये बायर्नने ८-२ ने धुतलं होतं. नवा कोच कूमान आल्या आल्या त्याने मेस्सीच्या जिगरी दोस्ताला, सुआरेझला, मिनिटभराच्या फोनवर 'तू नकोस' सांगितलं. तो सुआरेझ अॅटलेटिकोला गेला आणि पुढच्याच मोसमात त्यांना लीग जिंकून देऊन मोकळा झाला.

---

अर्धविराम | १५ डिसेंबर, दुपारी १:०२

व्यवसायाने वकील आहे, करारमदारच बघते, त्यामुळे या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस त्या एका कलमात.

मेस्सीच्या करारात सोय होती की प्रत्येक हंगामाच्या शेवटी तो एकतर्फी, फुकटात बाहेर पडू शकतो. फक्त कळवायचं १० जूनपर्यंत. २०१७ मध्ये लिहिणाऱ्याच्या डोक्यात साधा हिशोब असणार, हंगाम मे महिन्यात संपतो, वर दहा-पंधरा दिवस विचाराला. २०२० मध्ये हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला. मेस्सीची बाजू म्हणाली, कलमाचा हेतू 'हंगाम संपल्यावर' हा आहे आणि हंगाम तर आत्ता संपला. क्लब म्हणाला, कागदावर १० जून लिहिलंय, तारीख उलटली. ३० ऑगस्टला ला लीगाने, म्हणजे स्पेनच्या फुटबॉल लीगने, पत्रक काढून क्लबची बाजू घेतली, जायचं तर ७० कोटी भरा. वडील होर्हे मेस्सी यांनी ४ सप्टेंबरला लेखी उत्तर दिलं की या प्रसंगी ती रक्कम लागूच होत नाही. त्याच संध्याकाळी मेस्सीने सांगितलं की राहतोय, ज्या क्लबाने मला घडवलं त्याला कोर्टात खेचणार नाही.

कोर्टात काय झालं असतं यावर वकिलांत आजही दोन तट पडतील. मी असते तर तारखेपुढे पाच-सहा शब्द जादा घातले असते, 'किंवा शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर इतके दिवस, जे नंतर येईल ते'. एवढ्यावर ७० कोटी युरोंचा वाद मिटला असता. पक्षकार आम्हाला विचारतात, एवढी पानं कशाला वाढवता? त्यांना आता ही गोष्ट सांगते.

---

डावखुरा | १५ डिसेंबर, दुपारी १:२०

@अर्धविराम, दंडवत! यात माझी एक भर. तो राहिला खरा, पण करार वाढवायला टेबलाच्या पलीकडे होतं कोण? बार्तोमेऊने २७ ऑक्टोबर २०२० ला राजीनामा दिला. नवा अध्यक्ष लापोर्ता निवडून आला ७ मार्च २०२१ ला. मधले चार महिने काळजीवाहू समिती. तिचा प्रमुख तुस्केत्स तर उघड म्हणाला की उन्हाळ्यातच मेस्सीला विकायला हवं होतं! आणि याच काळात, १ जानेवारीपासून, मेस्सी जगातल्या कुठल्याही क्लबाशी बोलायला मोकळा. म्हणजे महत्त्वाच्या वेळी दुकानाला मालकच नव्हता.

---

लाल_कोल्हापुरी | १५ डिसेंबर, दुपारी ३:४४

भावा, विषय हार्ड काढलायस. पण मी लिव्हरपूलवाला, त्यामुळं थोडं वाकड्यात शिरतोय.

आमच्या सालाहचं बघा. करार जून २०२५ ला संपणार. सप्टेंबर २०२४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३-० नं लोळवलं आणि गडी टीव्हीवर सांगतोय, क्लबातनं कुणी माझ्याशी कराराचं बोललंच नाही. नोव्हेंबरात साउदॅम्प्टनला दोन गोल मारून पत्रकारांफुडं म्हणतोय, आत असण्यापेक्षा बाहेरच जास्त आहे. जो माणूस मॅचनंतर पत्रकारांना तोंड दावत न्हाई, तो आपणहून थांबला. हे सगळं ठरवून हो! प्रत्येक गोलनंतर त्याचा भाव वाढत होता, आणि त्या मोसमात लीगमध्ये २९ गोल आन् १८ असिस्ट. मालक लोक आकडेमोडीवाले, तिशी वलांडलेल्याला मोठा पगार द्यायचा न्हाई ह्या मताचे. तरी ११ एप्रिलला वाकले आणि दोन वर्षं दिली. आमच्या आनफिल्ड मैदानाच्या गवतावर सिंहासन ठेवून फोटो काढला पठ्ठ्यानं.

आम्ही गल्लीत पेढं वाटलं. आणि आता? सहा डिसेंबरला लीड्सला बाकावर बसवलं, तर बाहेर येऊन म्हणाला क्लबनं मला बळीचा बकरा केला. आठ महिन्यांत सिंहासनावरनं बाकावर. परवा ब्रायटनविरुद्ध आला, पास दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुडं काय हुतंय बघू.

माझं म्हणणं एवढंच की तिशी वलांडलेल्या माणसाला दिलेला करार हा मागच्या कामाचा पगार असतोय. क्लब म्हणतोय फुडच्यासाठी देतोय, पण तसं नसतंय.

---

मनुष्यबळ | १५ डिसेंबर, दुपारी ४:३०

@लाल_कोल्हापुरी, शेवटच्या वाक्याला +१.

पुण्यात आयटीत एचआरमध्ये आहे. आमच्याकडेही हाच खेळ, फक्त शून्यं कमी. माणूस राजीनामा टाकतो, मग सगळ्यांना तो हिरा असल्याचा साक्षात्कार होतो. काउंटर ऑफर देऊन थांबवला की सहा महिन्यांत शेजारच्या टीमला त्याचा आकडा कळतो आणि माझ्या केबिनबाहेर रांग. बार्साने २०१७ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं.

उलट उदाहरण रियल माद्रिदचं. रामोसला २०२१ मध्ये कमी पगारात एक वर्ष देऊ केलं. त्याला दोन हवी होती. घासाघीस चालू राहिली. अखेर तो म्हणाला, बरं, एक वर्ष चालेल. तर उत्तर आलं की त्या प्रस्तावाची मुदत संपली! मुदत होती हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्याने १७ जूनला निरोपाच्या पत्रकार परिषदेत सांगितलं. १६ वर्षं तिथे काढलेला कर्णधार. हृदयशून्य वाटेल, पण माद्रिद आज कुठे आणि त्या काळात बार्सा कुठे होती ते बघा.

---

रत्नांग्रीचा | १५ डिसेंबर, संध्याकाळी ५:१५

माद्रिदचं कौतुक या धाग्यावर! आयडी ब्लॉक करता येतो का इथे? :)

बरं, आता त्या काकांच्या 'फुकट' प्रश्नाकडे येतो, कारण इथेही बारमध्ये तो अजून निघतो.

३० जून २०२१ ला रात्री करार संपला. मेस्सी तेव्हा ब्राझीलमध्ये कोपा अमेरिका खेळत होता, जुलैत तो चषक जिंकला. १ जुलैपासून कागदोपत्री तो कुठल्याच क्लबाचा नव्हता. म्हणजे नव्या खेळाडूसारखी पुन्हा नोंदणी आली, आणि नोंदणी करते लीग.

ला लीगा प्रत्येक क्लबला खर्चाची मर्यादा आखून देते. खेळाडूंवर एका मोसमात किती खर्च करायचा, ते तुमच्या उत्पन्नावरून आणि कर्जावरून ठरतं. बार्साची मर्यादा २०१९-२० ला ६७ कोटी १० लाख युरो होती. नंतर ३४ कोटी ७० लाख झाली. २०२१ च्या सप्टेंबरात जाहीर झाली ती १० कोटींच्याही आत. मर्यादा ओलांडलेल्या क्लबला तेव्हा नियम असा होता की चार युरो वाचवलेत तर एक खर्च करा. घरात कर्ज झालेल्या पोराला बाप सांगतो तसंच.

लापोर्ताने ६ ऑगस्टला सांगितलेले आकडे माझ्या चांगले लक्षात आहेत, कारण मी जेवताना टीव्ही बघत होतो आणि घास हातातच राहिला. मेस्सीसह पगारखर्च उत्पन्नाच्या ११० टक्के. मेस्सीला वगळून ९५ टक्के! म्हणजे तो नसतानाही घर बुडालेलंच. आणि कर्ज १३५ कोटी युरो, हे त्याने दहा दिवसांनी सांगितलं.

मेस्सीने पगार निम्मा करायला होकार दिला होता. दोन वर्षांचा पगार पाच वर्षांत वाटून द्यायचा, असाही घाट घालून झाला. दोन्ही बाजू तयार होत्या. सुट्टी संपवून तो इबिझाहून परत आला ते सही करायलाच. ५ ऑगस्टला संध्याकाळी क्लबचं पत्रक आलं, करार ठरलाय, आजच सही करायची इच्छा होती, पण लीगच्या नियमांमुळे होत नाही. त्याने ८ तारखेला रडत रडत निरोप घेतला, १० ला पॅरिस.

आता 'फुकट'. ऑक्टोबरात लापोर्ता एका रेडिओवर बोलून गेला की शेवटच्या क्षणी मेस्सी फुकट खेळतो म्हणेल अशी मला आशा होती. मेस्सीने नंतर मुलाखतीत उत्तर दिलं, मला असं कोणी कधी विचारलंच नाही, आणि अध्यक्षांना हे बोलणं शोभत नाही. काकांना सांगा.

---

मडगांवकार | १५ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

तुम्ही त्या टेबलावरची आणखी एक खुर्ची विसरलात. सीव्हीसी.

त्याच आठवड्यात, ४ ऑगस्टला, ला लीगाने जाहीर केलं की सीव्हीसी नावाचा गुंतवणूक फंड २७० कोटी युरो ओतणार आणि बदल्यात पुढची ५० वर्षं लीगच्या उत्पन्नात वाटा घेणार. बार्साने ते मान्य केलं असतं तर हिश्श्याचे पैसे आले असते आणि त्यातला थोडा भाग खेळाडूंच्या नोंदणीसाठी वापरता आला असता. लापोर्ता म्हणाला, एका खेळाडूसाठी टीव्ही हक्क अर्धं शतक गहाण टाकणार नाही. माद्रिद आणि बिलबाओही विरोधात होते. बहुतेक सगळ्या क्लबांनी १२ ऑगस्टला मान्यता दिली. तोवर मेस्सी पॅरिसला पोचलेला.

माझ्या मते लापोर्ता तिथे बरोबर होता. पण वर्षभरात त्यानेच टीव्ही हक्कांचा चौथा भाग २५ वर्षांसाठी दुसऱ्या कंपनीला विकला आणि लेव्हांडोव्स्कीला आणलं. मग कुठे गेलं ते तत्त्व?

बाकी इकडे गोव्यात फातोर्ड्याला आम्ही ऑक्टोबरात रोनाल्डोचा अल नासर क्लब बघायला गेलो. रोनाल्डो आलाच नाही, त्याचा करार मात्र २०२७ पर्यंत वाढलाय. आणि आमच्या लीगचा, आयएसएलचा, तर भारतीय फेडरेशनबरोबरचा मूळ करारच ८ डिसेंबरला संपला, मोसम अजून सुरू नाही. खेळाडूंचे करार कसले वाढवता बाबांनो, आधी लीगचा वाढवा.

---

लाल_कोल्हापुरी | १५ डिसेंबर, संध्याकाळी ६:५८

@मडगांवकार, दुखतंय तिथंच बोट ठेवलंस. आमच्याकडं तालमीच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतंय, आन् देशाची लीग बंद.

---

रिकामटेकडा | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

एक बाळबोध प्रश्न. बाकीच्यांनी पगार कमी केला असता तर मेस्सी राहिला नसता का? पिकेने नंतर केलाच की.

---

डावखुरा | १५ डिसेंबर, रात्री ८:०५

बाळबोध नाही, जळजळीत प्रश्न आहे.

पिकेने ऑगस्टच्या मध्यावर कापून घेतला, म्हणून तर मेम्फिस डिपाय आणि एरिक गार्सिया यांची नोंदणी पहिल्या सामन्याच्या तोंडावर झाली. त्याच सामन्यात पिकेनेच पहिला गोल केला. पण त्याने आठवडाभर आधी केलं असतं तरी चारास एकच्या नियमाने मेस्सीएवढी जागा झाली नसती. शिवाय ऑक्टोबर २०२० मध्ये बार्तोमेऊने जाता जाता पिके, टेर श्टेगन, लाँगले, डी याँग यांचे करार वाढवले होते ते पगार पुढे ढकलून. आजचं मरण उद्यावर. तो उद्या म्हणजे नेमकं लापोर्ताचं वर्ष.

सगळ्यात वाईट मला अग्वेरोचं वाटतं. मित्रासोबत खेळायला म्हणून त्या उन्हाळ्यात बार्सात आला. मित्र गेला, आणि डिसेंबरात हृदयाच्या त्रासाने त्यालाही बूट ठेवावे लागले.

---

अर्धविराम | १५ डिसेंबर, रात्री ९:१२

आज १५ डिसेंबर आहे आणि इथे कोणालाच आठवू नये?

तीस वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी, १९९५ साली, लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्याचा निकाल दिला. ज्याँ-मार्क बॉसमन, बेल्जियममधल्या लिएजचा साधा खेळाडू. करार संपला, क्लबने पगार कापून पुढे कर म्हटलं. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं, तर क्लब त्याचीही किंमत मागत बसला. करार संपलेला माणूस, तरी मालकीचा! पाच वर्षं लढला. निकाल लागला तोवर त्याची कारकीर्द संपलेली होती, आणि पुढचे दिवसही त्याने हलाखीतच काढले.

सालाहची धमकी, रामोसचा निरोप, मेस्सीचं १ जुलैपासून मोकळं होणं, ही सगळी त्या माणसाची कमाई. त्याआधी 'करार संपत आलाय' या वाक्यात खेळाडूच्या हातात काहीच नसायचं.

---

मनुष्यबळ | १५ डिसेंबर, रात्री ९:४०

वा! हे माहीत नव्हतं. उद्या ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये घालते.

---

डावखुरा | १५ डिसेंबर, रात्री १०:३०

भाच्याला सगळा धागा वाचायला लावला. त्याचं म्हणणं असं की बार्साच्या आताच्या यमालची काळजी नको, त्याच्या करारात सुटकेची रक्कम १०० कोटी युरो आहे, कोण भरणार?

मी म्हटलं, मेस्सीच्याही करारात ७० कोटी होते, कोणी भरले का? ३० जून उजाडला की ती रक्कम शून्य होते. बार्साच्याच डेंबेलेच्या वेळी ती ५० कोटीही नव्हती, ५ कोटी होती. २०२३ मध्ये पॅरिसने भरली, यंदा तो बॅलन डी'ऑर घेऊन बसला. यमालचा करार २०३१ पर्यंत आहे. म्हणजे खरी बोलणी २०२९-३० मध्ये सुरू होणार.

त्याने बोटांवर मोजलं. "तेव्हा मी १८ चा असेन." मग जरा थांबून, "मेस्सीचा मायामीचा करार कधीपर्यंत आहे?"

२०२८. ऑक्टोबरातच वाढवलाय, अजून बांधून न झालेल्या स्टेडियममध्ये बसून सही केली.

"मग परत येईल ना मुंबईला?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

@रत्नांग्रीचा, ते डिपॉझिट मिळालं का शेवटी?

---

रत्नांग्रीचा | १५ डिसेंबर, रात्री १०:४७

निम्मं. उरलेलं रंगकामात वळतं केलं म्हणाला. मी कोर्टात गेलो नाही.